साक्षीभाव आणि शेवंताची शेरडं

नाकाच्या शेंड्यावर बसलेल्या माशीचे पाय किती गार असतात, हे तुम्ही कधी अनुभवलंय का? कसलीही घाई नसलेली, आपल्याच घरी आल्यासारखी एक माशी. ती आधी डाव्या नाकपुडीच्या कडेला थबकते, पुढचे पाय एकमेकांवर चोळते, जणू पंगतीला बसण्याआधी हात धुतेय, आणि मग सावकाश वर शेंड्याकडे चालू लागते. कार्तिकातली कोवळी सकाळ, भिसेगावातल्या आमच्या गॅलरीत उतरलेलं तिरपं, हळदुलं ऊन, खालच्या मजल्यावरून येणारा कांद्याच्या फोडणीचा दरवळ, आणि या साऱ्या प्रसन्नतेच्या मध्यभागी मांडी घालून, डोळे मिटून, दात आवळून बसलेला मी. कानात फोनवरची एक बाई मधाळ, संथ आवाजात सांगत असते, "आता सगळं लक्ष नाकाच्या शेंड्यावर आणा. जे जाणवतंय, ते फक्त जाणवू द्या. त्याला चांगलं म्हणू नका, वाईट म्हणू नका." बाई, तुमच्या नाकावर कधी माशी बसली आहे का?

मी त्या माशीला काय म्हणालो ते इथे लिहिण्यासारखं नाही. स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला, "झालं का ध्यान?"

"झालं."

"कळलं," ती म्हणाली, "खालच्या काकूंनाही कळलं असेल."

या प्रकरणातला विनोद समजायचा तर माझा पेशा सांगायला हवा. मी खोपोलीतल्या एका शाळेत मराठी शिकवलं, निवृत्त होईपर्यंत. वर्गाच्या खिडकीतून घाटाचा डोंगर दिसायचा आणि त्या डोंगरावरून वीजघराकडे उतरणारे ते अवाढव्य नळ. निम्मा वर्ग माझ्याऐवजी त्या नळांकडे बघत असायचा, आणि मी खडू फेकत विचारायचो, "लक्ष कुठंय तुझं?" हा प्रश्न मी इतक्या वेळा विचारला आहे की निरोप समारंभात मुलांनी माझी नक्कल करताना दुसरं वाक्यच घेतलं नाही. पण त्या साऱ्या वर्षांत माझ्या मनात एकदाही आलं नाही, की लक्ष ही वस्तू मुळात असते तरी कुठे? ती कोणत्या फडताळात ठेवलेली असते, की गुरुजींनी 'दे' म्हणताच मुलाने काढून द्यावी? पाण्याला ओंजळीचा आकार देता येतो, वाऱ्याला बासरीचा. पण या चंचल, अशरीर, सदैव दाराबाहेर उभ्या असलेल्या गोष्टीला कुठला आकार द्यायचा? मी ते कधी शिकवलं नाही. मी फक्त खडू फेकले.

त्या खडूंपैकी बरेचसे चुकवणारा, मागच्या बाकावरचा निलेश आता कर्जतमध्ये डॉक्टर आहे. त्याने माझ्या दंडाला पट्टा गुंडाळला, हवा भरली, आकडा पाहिला आणि पुन्हा हवा भरली. दुसऱ्यांदा हवा भरणारा डॉक्टर मला आवडत नाही.

"सर, राग फार येतो का?"

"मला? कोण म्हणालं?" मी एवढ्या जोरात विचारलं की बाहेर बाकावर बसलेली माणसं आत डोकावली.

"गोळी वाढवता येईल," तो शांतपणे म्हणाला, "पण त्याआधी एक करून बघा. रोज थोडा वेळ बसायचं आणि श्वासाकडे लक्ष द्यायचं. पुष्कळांना फरक पडतो. ताण उतरतो, मन एका जागी राहतं."

"लक्ष द्यायचं म्हणजे नक्की करायचं काय?"

"सर, ते तर तुम्ही आम्हाला विचारायचात." तो हसला नाही. डॉक्टर झाल्यावर माणसं आतल्या आत हसायला शिकतात.

तर अशा रीतीने, केस पिकल्यावर, माझ्याच प्रश्नाने माझ्या पाठीवर खडू मारला. मी ध्यानाला लागलो. आणि मग कळलं की ज्याला आपण मन म्हणतो तो एस.टी. स्टँड आहे. कोणती गाडी कुठून येते, कुठे जाते, कोण कोणावर ओरडतंय, काही पत्ता नाही. आणि मी त्या स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसलेला, कोणीही काही विचारत नसलेला मनुष्य. श्वास आत घ्यावा, तर इमारतीच्या टाकीतलं पाणी आठवतं. श्वास बाहेर सोडावा, तर सोसायटीच्या मीटिंगमध्ये एका गृहस्थांना जे उत्तर द्यायचं राहून गेलं ते नेमकं, धारदार, अनुप्रासासह सुचतं. एवढी सुंदर उत्तरं मला जागेपणी कधी सुचली नाहीत. ध्यानाने माझी भांडणं सुधारली, एवढं पहिल्या पंधरवड्याचं फलित.

बायको म्हणाली, "तुमच्या ध्यानाने मला ताण येतो. घरात भांडं वाजवायची चोरी झाली आहे." हे खरं होतं. मी शांत बसलो की घरात इतरांना शांत बसावं लागे, आणि कुकरची शिट्टी झाली की मी डोळे न उघडता, अत्यंत संयमाने, "अगं, किती वेळा सांगितलं," असं म्हणत असे. कुकरला सांगून उपयोग नव्हता.

एका हितचिंतकाने सुचवलं, म्हणून मी खालापूरच्या पुढे एका फार्महाऊसवर दिवसभराच्या शिबिरालाही गेलो. त्या बाजूला आमची वडिलोपार्जित जमीन होती. ती कधीच गेली, आता तिथे कुंपणं आहेत, लोखंडी फाटकं आहेत आणि मन:शांतीच्या पाट्या आहेत. मुंबईहून आलेली सुखवस्तू, थकलेली माणसं पांढऱ्या कपड्यांत गवतावर बसली होती. अनवाणी पायांच्या एका तरुण शिक्षकाने प्रत्येकाच्या तळहातावर एक बेदाणा ठेवला. म्हणाला, "हा बेदाणा आयुष्यात पहिल्यांदा पाहताय असं समजा. त्याच्या सुरकुत्या पाहा. त्याचा वास घ्या. तो कानाशी न्या." मी तोवर खाऊन टाकला होता. सगळे जण बेदाणा कानाशी धरून बसलेले, आणि मी रिकामा तळहात कानाशी धरून त्यांच्यात बसलेला. पुढे गवतावर संथ चालण्याचा कार्यक्रम झाला. एक पाऊल उचलायला जेवढा वेळ लागावा तेवढ्यात कर्जतहून खोपोली गाठता यावी, असा तो वेग. कुंपणाशी निंदणी करणाऱ्या बायका खुरपी खाली ठेवून आमच्याकडे पाहत होत्या. त्यातल्या एकीने दुसरीला अगदी काळजीने विचारलेलं मी ऐकलं, "समद्यांनाच एकदम काटा रुतला का गं?"

एवढं सगळं असूनही, प्रामाणिकपणे सांगायचं तर, फरक पडू लागला होता. हे कबूल करताना मला थोडी चीडच येते, कारण चेष्टा करण्याजोगी गोष्ट उपयोगी निघाली की विनोदी माणसाचं नुकसान होतं. मन पळतं, त्याला परत आणायचं. पुन्हा पळतं, पुन्हा आणायचं. न रागावता, खडू न फेकता. या कंटाळवाण्या, निरलंकार येरझारेत कुठेतरी ठिणगी आणि भडका यांच्यामध्ये एक अरुंद फट पडते. एके दिवशी रिक्षावाल्याने मला स्टेशनऐवजी बाजारात उतरवलं आणि मी काही बोललोच नाही. राग येताना दिसला, माझ्यासमोर उभा राहिला, आणि ओळख न दिल्यासारखा निघून गेला. मी थक्क होऊन रस्त्यात उभा राहिलो, इतका की मागच्या टेंपोवाल्याने माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. त्यावरही मी शांत. निलेशने पट्टा गुंडाळला, एकदाच हवा भरली. मला गर्व झाला. शांतपणाचा गर्व हा सगळ्यात गुळगुळीत गर्व. तो हातात धरताही येत नाही आणि दुसऱ्याला दिसल्यावाचून राहत नाही.

याच गर्वाच्या भरात मी कडावला, कुसुमकडे गेलो. कुसुम माझी धाकटी बहीण. माझा हिशोब असा, की भिसेगावात एवढी प्रगती झाली, तर कडावच्या निवांतपणात समाधीच लागायची.

भातकापणी, झोडणी सगळं आटोपलं होतं. शेतांत धसकटं उरली होती, ओल धरून असलेल्या तुकड्यांत वालाचे कोंब वर येत होते, आणि सह्याद्रीची निळी रांग इतकी जवळ आली होती की हात लांब केला तर तिच्यावर धूळ आहे का ते पाहता यावं. कुसुमच्या सारवलेल्या अंगणात एक जुनं, मऊ झालेलं लुगडं पसरलं होतं आणि त्यावर भात वाळत होतं. फार नव्हतं. बारीक दाणा, टोकाला किंचित तांबूस, आणि ऊन लागलं की त्यातून एक गोडसर, तान्ह्या मुलाच्या टाळूसारखा वास उठायचा. या भाताला काही नाव असेल, पण आमच्या घरात त्याला नुसतं 'आपलं' म्हणत. बाकीचं दुकानातलं, हे आपलं. कुसुम लग्न होऊन कडावला आली तेव्हा आईने तिच्या ओटीत नारळाबरोबर या भाताच्या ओंजळी घातल्या होत्या. खालापूरची जमीन गेली तशी तिकडचं पीक संपलं. आता सबंध पंचक्रोशीत ते कुसुमच्या शेताच्या कोपऱ्यातल्या एकाच तुकड्यात पिकतं. दरवर्षी ती त्यातल्या सगळ्यात भरदार लोंब्या वेगळ्या कापते, वेगळ्या झोडते, वेगळ्या वाळवते. खायचं भात कोणीही राखावं, पण बियाण्याचं भात ती स्वत: राखते, त्याच्यासमोरून उठायचं असलं तर घरच्याच माणसाला बसवून उठते. लुगड्यावर होतं ते पुढच्या वर्षीचं बियाणं. सगळंच्या सगळं. खायचं थोडंसं निघालं होतं, ते केव्हाच भरडून संपलं होतं.

त्या दिवशी तिला कर्जतला जायचं होतं. चष्म्याची काच फुटून महिना झाला होता आणि दुकानदाराने नवा चष्मा तयार असल्याचा निरोप धाडला होता.

"दादा, मी जाते नि येते. येवढं बियानं राखशील ना रं?"

"अगं, मी इथेच बसणार आहे."

"बसशील, पन ध्यान ठेवशील ना? कोंबड्या हायत. नि त्या शेवंताची शेरडं लय हावरी, वई तोडून येतात."

"कुसुम," मी करुणेने हसलो, "मी हल्ली दुसरं काय करतो?"

तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. फुटक्या काचेतून तिला मी नीट दिसलो नसेन. हातात एक लांब काठी दिली आणि ती टमटमच्या दिशेने निघून गेली.

मी पडवीत, लुगड्यासमोर, भिंतीला पाठ न टेकता बसलो. काठी शेजारी ठेवली. कानात बाईंना बसवलं. आणि डोळे मिटले. का मिटले? हा प्रश्न नंतर मला ज्या ज्या माणसाने विचारला त्या प्रत्येकाला मी वेगळं उत्तर दिलं आहे. खरं उत्तर एवढंच, की सवय. ध्यान म्हटलं की डोळे मिटायचे, हे माझ्या अंगवळणी पडलं होतं. राखण करायला बसलेल्या माणसाने डोळे मिटू नयेत हे शेरडांनाही ठाऊक असतं. पण शेरडांनी शिबिर केलेलं नसतं.

बाई म्हणाल्या, "आज आपण आवाजांकडे लक्ष देणार आहोत. आवाज येतील, जातील. त्यांच्या मागे धावू नका. त्यांना फक्त नाव द्या आणि सोडून द्या." मग त्या बराच वेळ गप्प झाल्या. त्या निस्तब्धतेत लांब कुठेतरी शेतातल्या पंपाची मोटर घरघरत होती. आवाज, मी मनात म्हणालो, आणि सोडून दिला. वाऱ्याने केळीचं पान हललं. आवाज. सोडून दिला. मग जवळून टुकटुक, टुकटुक असा, कापडावर बोट वाजवल्यासारखा, मोठा लयदार नाद येऊ लागला. आवाज. सोडला. कुंपणाची वई कुठेतरी करकरली. आवाज. त्यानंतर एक अपूर्व, मृदू, सामुदायिक कुरकुर सुरू झाली, जणू दूरवर सरी कोसळत आहेत. किती सुंदर, असं मनात आलं. पण सुंदर म्हणायचं नाही हे आठवून मी तेही सोडून दिलं. गुडघ्यावर ऊबदार वारा आला. स्पर्श. लेंग्याचा पाय कोणीतरी हळूच ओढला. स्पर्श. आणि तेवढ्यात मनाच्या तळातून एक बुडबुडा वर आला: शेरडं आली वाटतं.

वाचकहो, मी त्या बुडबुड्याला ओळखलं. 'विचार,' मी त्याला नाव दिलं. आणि शिकवल्याप्रमाणे, अजिबात त्याच्या मागे न जाता, अलगद जाऊ दिलं.

त्यानंतर जी शांती मला लाभली तिचं वर्णन करणं कठीण आहे. एरवी ज्या विचाराने मी ताडकन उठलो असतो, त्याच्याशी मी आज गुंतलो नव्हतो. छातीतली ती जुनी, सदैव आवळलेली मूठ पहिल्यांदाच बोट बोट सुटत गेली. निलेशने त्या क्षणी दंडाला पट्टा बांधला असता तर आकडा पाहून त्याने माझे पाय धरले असते. बाई परतल्या. म्हणाल्या, "आता हळूहळू डोळे उघडा, आणि भोवतीचं जग नव्याने पाहा."

मी पाहिलं. लुगड्यावर शेरडं उभी होती, आपापल्या जागी, अतिशय सजगपणे चघळत. त्यांच्या पायांमधून कोंबड्या फिरत होत्या. एक करडू माझ्या लेंग्याचा काठ तोंडात धरून माझ्याकडे टक लावून पाहत होतं, आणि त्याच्या नजरेत जो साक्षीभाव होता तो मला अजून साधलेला नाही.

मी ओरडलो. काठी फिरवली, ती आधी पडवीच्या खांबाला लागली, मग मला. शेरडं पळाली ती लुगडं पायांत गुंडाळून, आणि जे खाऊन उरलं होतं ते अंगणभर उधळलं. आवाज ऐकून शेजारची शेवंता वईवरून डोकावली.

"अगं बया. मास्तर, तुमी हितंच व्हतात? मी मघाशी बघितलं, मला वाटलं पेंगलायत."

"मी ध्यान करत होतो."

"म्हंजे काय करतात?"

"म्हणजे... सगळं जाणवतं, पण मध्ये पडायचं नाही."

शेवंताने अंगणाकडे पाहिलं, तोंडाला पदर लावला. "मग आमच्या शेरडांना बोल लावू नका हां. तुमी मदी पडला नाय, त्यांना वाटलं मास्तरांची ना नाय." पण मग दरवर्षी बियाण्यालाच पसरायचं ते लुगडं ओळखून तिचं हसणं मावळलं. "हे बियान्याचं व्हतं काय वो?" ती म्हणाली, आणि न सांगता येऊन खाली बसून दाणे वेचू लागली.

कुसुम आली ती नवा चष्मा लावून. त्या चष्म्यातून तिने पहिल्यांदा स्पष्ट पाहिलं ते आपलं अंगण. ती दारातच थांबली. पिशवी खाली ठेवली. मी तिच्या ओरडण्याची वाट पाहत होतो. ओरडली असती तर मला फार बरं वाटलं असतं.

"दादा, तू हितंच व्हतास?"

"हो."

"जागा व्हतास?"

खोटं बोलायची सोय होती. शेवंताने आधीच माझ्या वतीने पेंगण्याची साक्ष दिली होती. पण का कोण जाणे, मी म्हणालो, "जागा होतो."

"झोपला असतास तर बरं झालं असतं रं," ती म्हणाली. "झोपलेल्या मानसाला कोन काय बोलनार?"

मग ती बोलली. खूप बोलली, खाली बसून, दाणे वेचता वेचता, माझ्याकडे न पाहता. आईचं काय काय गेलं ते बोलली. जमीन गेली, घर गेलं, पितळेची भांडी कुठे गेली ते देवाला माहीत. एवढं एक भात राहिलं होतं, त्याला तिने दुष्काळी सालात पोरं तांदूळ मागत असतानाही हात लावला नाही, डब्यात निंबाचा पाला घालून जपलं. "मी शिकलेली नाय. मला येवढंच येतं, बघत बसायला. तुला म्हनलं दोन घटका तू बघ." मी ऐकत होतो. सांगायला संकोच वाटतो, पण त्या वेळी माझं मन कुठेही गेलं नाही, त्याला परत आणावंही लागलं नाही. मात्र शांतीचा तिथे मागमूस नव्हता. छातीत ती मूठ पुन्हा आवळली होती, पहिल्यापेक्षा घट्ट.

आम्ही तिघं संध्याकाळपर्यंत दाणे वेचत राहिलो. आता तुम्हाला वाटत असेल की मी म्हणेन, त्या वेचण्यातच मला खरं ध्यान सापडलं, एकेक दाणा म्हणजे एकेक श्वास वगैरे. तसं काही नाही. कंबर मोडली, गुडघ्यांतून कळा आल्या, आणि लेंडी कोणती व खडा कोणता हे चाचपून ठरवण्यात कसलंही अध्यात्म नसतं. शेवंताची सून चहा घेऊन आली तेव्हा मला माझ्या पायांवर उभं राहता येईना. मी हे सगळं लिहितोय त्या क्षणीही त्या आठवणीने मला शांत वाटत नाही. वैतागच येतो, स्वत:चा, त्या बाईंचा, बेदाण्याचा.

जमलेलं भात कुसुमने घागरीतल्या पाण्यात घातलं. पोकळ दाणे वर तरंगले, ते तिने काढून टाकले. भरलेले तळाशी राहिले, ते तिने हाताने ढवळून, धुऊन, निथळून घेतले. सुपाचा तळ झाकेल एवढं.

"किती होईल?" मी विचारलं.

"अर्ध्या तुकड्याला होईल. उरल्या अर्ध्यात दुकानातलं." तिने सूप हलवून दाणे सारखे केले. "नि पुढच्या साली खायाला नाय ठेवायचं. समदं बियालाच. त्याच्या पुढच्या साली बघू."

म्हणजे पुढच्या दिवाळीला त्या घरात 'आपलं' शिजणार नव्हतं, आणि त्याच्या पुढच्या दिवाळीचीही खात्री नव्हती. हे तिने मला उद्देशून म्हटलं नाही, म्हणून ते मला अधिक लागलं.

रात्रभर भात घरात, फडक्यावर निथळत राहिलं. सकाळी ते पुन्हा उन्हात घालायला हवं होतं, नाहीतर ओलं राहून त्याला बुरशी धरली असती. मी निघायच्या तयारीत होतो. पिशवी भरली होती, चपला घातल्या होत्या. कुसुमने अंगण झाडलं, लुगडं पुन्हा पसरलं, त्यावर तो मूठभर उरलेला पसारा बोटांनी पातळ केला. मग घरात जाऊन पाट आणला, लुगड्याच्या अगदी कडेशी ठेवला.

"बस."

"मी? कुसुम, अगं, काल..."

"ठावं हाय काल. बस."

मी बसलो. फोन पिशवीत होता, पिशवी घरात होती. डोळे उघडे ठेवून, गुडघ्यांवर हात ठेवून मी त्या दाण्यांकडे पाहत राहिलो. एक चिमणी वईवर आली, मी काठी उचलली. कोंबडी परसाच्या कोपऱ्यात दिसली, अजून इकडे वळलीही नव्हती, तोच मी उठून उभा. कावळा ओरडला की छातीत धस्स व्हायचं. वई करकरली की घाम. कालच्या त्या बाईंच्या दृष्टीने पाहिलं तर माझं सगळं चुकत होतं: मी प्रत्येक आवाजामागे धावत होतो, प्रत्येक विचाराला पकडून बसलो होतो, कशालाही जाऊ देत नव्हतो. निलेशच्या पट्ट्यात हवा मावली नसती. आणि तरीही, खरं सांगतो, लक्ष म्हणून जी काही वस्तू असेल ती त्या सकाळी पूर्णपणे माझ्याजवळ होती. मी वर्षानुवर्षं मुलांना विचारत होतो, कुठंय लक्ष? आता वाटतं, ते बहुधा भीतीच्या शेजारी राहत असावं. जे जाण्याची भीती नाही, त्याच्याकडे माणूस किती वेळ टक लावून पाहणार? शांत होण्याचा उपाय डॉक्टरांनी सांगितला, तो चांगला आहे, मी आजही करतो. पण काही गोष्टी अशांतपणेच राखाव्या लागतात.

ऊन माथ्यावर आलं. मी पाणी मागायला म्हणून हाक मारली, "कुसुम." उत्तर नाही. पाटावरून न उठता मान वळवून आत डोकावलो. ओटीच्या थंड जमिनीवर, नवा चष्मा छातीवर दुमडून ठेवून, उशाला हात घेऊन कुसुम झोपली होती. माझी ही बहीण दिवसा झोपते हे मी कधी पाहिलं नव्हतं. भात पसरलेलं असताना तर नाहीच. तिचं तोंड किंचित उघडं होतं आणि श्वास सावकाश, खोल, मला कधी न साधलेल्या लयीत आत जात होता, बाहेर येत होता. मी क्षणभरच पाहिलं. मग घाबरून मान अंगणाकडे वळवली, आणि तहान तशीच ठेवून काठी हातात घट्ट धरली.